कनील कुंपणाबाहेर कशी गेली?

१

कनील मेली ती कुंपणाच्या भलत्या बाजूला.

शेजारच्या मेंढीवाल्या फानी स्वानेपुलच्या माळावर, वाघांच्या उंच तारेला जवळजवळ खेटून ती वाघीण आडवी पडली होती. खांद्यामागे एकच गोळी. सकाळच्या उन्हात तिचा रंग अजून जिवंत वाटत होता. या रंगामुळेच तिला कनील म्हणत. कनील म्हणजे दालचिनी. सार्जंट पुलेंग खाउता गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसली.

गुरंचोरी पथकात तिची उमर गेली होती. चोरीची मेंढी कुणाच्या पातेल्यात शिजते आहे हे ती रस्त्यावरून सांगायची. पण वाघ? दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या या उघड्याबोडक्या मुलखात वाघ हे जनावर देवाने सोडलंच नव्हतं. ते सोडलं टीलमन फूरीने. बापजाद्यांच्या मेंढ्या विकून त्याने रानाला दोन माणसं उंच तार घातली, परदेशच्या पिंजऱ्यांत जन्मलेली पिल्लं आणली आणि त्यांना हरणं मारायला शिकवलं. तेव्हा सगळं ब्लाउवाटर गाव त्याला हसलं होतं. पुलेंगही हसली होती, हे तिला आत्ता आठवलं आणि बरं वाटलं नाही.

"माझ्या कोकरांवर आली होती," फानी म्हणाला. आडव्या अंगाचा माणूस, पण बंदूक त्याने लहान मुलाने चोरीची वस्तू लपवावी तशी पाठीमागे धरली होती.

"किती कोकरं नेली?"

"नेली नाहीत अजून."

"एखादी मेंढी फाडली?"

"सार्जंट, वाघ दारात बसल्यावर तो काय जेवलाय का, हे विचारत बसायचं असतं का माणसाने?"

"तुझ्याकडे बघून गुरगुरली?"

फानीने टोपी काढली, डोकं खाजवलं. "नाही. खरं सांगू का, तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तारेकडे तोंड करून बसली होती. मी हाक मारली तरी वळली नाही." तो थांबला. "परवा मला कुणी सांगितलं असतं तर मी आनंदाने मारली असती. आता घशाखाली कॉफी उतरत नाहीये. आणि वर काल, गुरुवारी, रेनेटनेच येऊन माझी अडलेली मेंढी मोकळी केली. कुठल्या तोंडाने भेटू तिला?"

रेनेट म्हणजे टीलमनची मुलगी, गुरांची डॉक्टर.

तेवढ्यात कॅप्टनचा फोन आला. त्याचं सगळं ठरलेलंच होतं. "तार कुठे तुटलेली नाही, फाटकाला साखळी आणि कुलूप. किल्ल्या तिघांकडे. म्हातारा मालक, त्याची मुलगी आणि रखवालदार मोहाउ सेलो. वाघाच्या हाडांना बाहेर गिऱ्हाईक आहे हे मी तुला सांगायला नको. रात्री काढायची, गाडीत घालायची, असा बेत होता, ती सुटली. मोहाउला आणून बसवलाय. सोमवारी कोर्टात उभा करायचा."

"साहेब, मी अजून इथून उठलेसुद्धा नाही."

"मग ऊठ."

ती उठायला लागली आणि तशीच थांबली. तारेच्या आतल्या बाजूला, सुक्या ओढ्याच्या काठावरच्या काटेरी झुडपात काहीतरी हललं. दोन पिल्लं. एकमेकांना चिकटून ती बाहेर पडलेल्या आईकडे टक लावून बघत होती.

२

मोहाउ सेलो पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला होता. समोरच्या ताटलीतली लापशी वाळून गेली होती.

"खा," पुलेंग म्हणाली. "उपाशी माणसाचा मला विश्वास वाटत नाही."

"नको, म्मे."

म्मे म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला तिकडे सगळे तसंच म्हणतात, पण त्याच्या तोंडून तो शब्द तिला उगाच टोचला. तिने खुर्ची ओढली.

"तूच वाढवलीस ना तिला?"

"बाटलीने. मांजराएवढी होती. रात्रभर माझ्या बंडीत झोपायची." त्याने हाताने ती जागा दाखवली, छातीपाशी. "मग पहिलं हरीण मारलं तेव्हा ऊम टीलमननी माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. म्हणाले, मोहाउ, आता ही आपली राहिली नाही." ऊम म्हणजे काका. टीलमनला सगळे तसंच म्हणत.

"गुरुवारी तिच्या रानाच्या फाटकापाशी कधी गेला होतास?"

"गेलोच नाही."

"दिवसभरात एकदाही?"

"नाही." उत्तर तयारच ठेवल्यासारखं आलं.

"मोहाउ, माझ्याकडे बघ. लोक म्हणतायत, तू तिला विकलीस."

त्याने वर बघितलं. राग नव्हता, भीतीही नव्हती. चोराची नजर पुलेंगला पाठ होती. ती सारखी दाराकडे जाते. ह्याची नजर कुठेच जात नव्हती. आपल्या मरणाची बातमी आपणच आणून दिलेल्या माणसासारखा तो बसला होता.

"म्हणू दे," तो म्हणाला. "सोमवारी मी साहेबांना काय हवं ते सांगेन. तुम्ही ऊमना मात्र त्रास देऊ नका. त्यांची तब्येत बरी नसते."

पुलेंग बाहेर आली तेव्हा तिला दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. याने वाघीण विकलेली नाही. आणि हा धडधडीत खोटं बोलतो आहे.

३

फाटकाला कुणी हात लावायचा नाही, असा दम तिने पहिल्याच दिवशी भरला होता. शनिवारी सकाळी रेनेटला घेऊन ती तिथे गेली. रेनेट उंच, बापासारखीच लांब नाकाची. शहरातली चालती नोकरी सोडून बापापाशी येऊन राहिलेली. रडून रडून तिचे डोळे बारीक झाले होते, पण बोलणं कोरडं होतं.

"गुरुवारी दुपारी मी आत गेले होते, पिल्लं बघायला. वारा नुसता पिसाळला होता, समोरचं दिसेना. त्यात फानीचा फोन, मेंढी अडलीय म्हणून. मग निघाले."

"आणि फाटक?"

"लावलं."

"साखळी घालून?"

"अर्थात. तुम्हाला काय वाटतं, वाघाचं फाटक कुणी उघडं टाकतं?"

"तसं नव्हे गं. शेजारच्या फाटकाला एकदा साखळी घालून दाखव ना, नेहमी घालतेस तशी."

रेनेटने खांदे उडवले आणि शेजारच्या रिकाम्या रानाच्या फाटकाला साखळी घातली. एक वेढा, कुलूप बाहेरच्या बाजूला, आपल्या हाताशी. नेहमीची सवय.

"आता ही बघ."

कनीलच्या फाटकाची साखळी दोनदा गुंडाळलेली होती आणि कुलूप खांबाच्या आडोशाला, वेढ्यांच्या आत सारलेलं होतं. हा रेनेटचा हात नव्हता; मग कुणाचा, ते पुलेंगला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"असं कोण लावतं?"

रेनेट शेजारच्या फाटकाकडे बघायला लागली.

"पोरी, दोन पिल्लं आत उपाशी आहेत आणि एक माणूस कोठडीत. बोल."

"मोहाउ," रेनेट म्हणाली. "तोच तसा लावतो. म्हणतो, वाघिणीचा पंजा कुलपाला लागू नये."

म्हणजे शेवटचं फाटक लावलं मोहाउने, जो म्हणतो की तो तिकडे फिरकलाच नाही. कॅप्टनला हे कळलं असतं तर त्याने तिथेच पेढे वाटले असते. पुलेंगने मात्र रेनेटच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला नवल वाटलं. गुन्हेगार सापडल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकतो. रेनेटचा चेहरा पांढराफटक पडला होता.

४

कुंपणाच्या बाहेरच्या अंगाने पुलेंग एकटीच चालत राहिली. या कामात तिला कुणी सोबत असलेलं आवडत नसे. लोक बडबडतात आणि माग तुडवतात.

फाटकापाशी माग नव्हताच. गुरुवारच्या वाऱ्याने जमीन झाडून काढली होती. पण तारेच्या कडेने, फानीच्या बाजूला, पंजे उमटले होते ते ठसठशीत, कडा न मोडलेले. तारेला लागून पुढे, मग वळून मागे, पुन्हा पुढे. इतक्यांदा की तिथे पायवाट पडली होती. वारा गुरुवारी मावळतीला पडला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे हे पंजे त्यानंतरचे. आणि बाहेर पडतानाचे पंजे वाऱ्याने पुसले, म्हणजे ती बाहेर पडली दिवसाउजेडी, वारा असताना. रात्री कुणी गुपचूप काढलीबिढली नव्हती.

पिल्लांच्या झुडपासमोर तारेखाली एक खड्डा होता. कॅप्टनच्या माणसांनी त्याचा फोटो काढून 'वाघिणीने निसटण्याचा प्रयत्न केला' असं लिहून टाकलं होतं. पुलेंग खड्ड्यापाशी उकिडवी बसली. जनावर उकरतं तेव्हा माती आपल्या मागे फेकतं. कुत्रा असो की वाघ. मातीचा ढीग फानीच्या बाजूला पडला होता. म्हणजे उकरणारी बाहेर उभी होती.

तिला बाहेर यायचं नव्हतं. तिला आत जायचं होतं.

रात्रभर ही बया तारेबाहेरून येरझारा घालत होती आणि आत पिल्लं तिच्या जोडीने तारेच्या कडेने चालत होती. त्यांचे इवलाले पंजेही आतल्या बाजूला तसेच पुढेमागे उमटलेले होते. पुलेंगला स्वतःची मुलं आठवली, कामापायी दुसऱ्यांच्या घरी ठेवलेली. तिने डोळे पुसले आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मागे वळली.

मागे टीलमन फूरी उभा होता. टोपी हातात, विजार घसरू नये म्हणून कमरेला गवताच्या गठ्ठ्याची सुतळी आवळलेली. वारा त्याला हलवेल असा वाळला होता.

"सार्जंट," तो म्हणाला, "मोहाउला सोडून दे. फाटक मी उघडं टाकलं."

५

त्याच्या स्वयंपाकघरात त्याने स्वतः चहा केला, आणि चहात साखर दोनदा घातली. पुलेंगने तो तसाच प्यायला.

"ऊम, नीट सांगा. काय झालं?"

"तेच तर गं. काय झालं ते नाही आठवत." म्हाताऱ्याने टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा केले. "वारा सुटला, तेव्हा पवनचक्की बांधायला निघालो. चाक सुटं राहिलं तर अशा वाऱ्यात मोडतं. वर चढलो, बांधलं, हे आठवतं. मग एकदम घरी. मधलं काही नाही. गेल्या महिन्यात चूल चालू ठेवून झोपलो होतो. परवा फोनवर बहिणीला बायकोचं नाव घेऊन हाक मारली. रेनेट बोलत नाही, पण चाव्या लपवते माझ्या. मग फाटक दुसरं कोण विसरणार?"

"कुठली पवनचक्की बांधलीत?"

"कनीलच्या रानातलीच असणार. तिथे पिल्लं आहेत, पाणी तुटायला नको."

"असणार, की होती?"

तो बावरून तिच्याकडे बघत राहिला. "माझं नाव लिही गं. मोहाउला मुलं व्हायची आहेत अजून. बायको बाळंतपणाला आईकडे गेलीय त्याची. माझं काय, मला तुरुंगातही आठवायचं नाही मी कशासाठी आलोय ते."

तो हसला. पुलेंगला हसता आलं नाही.

तिथून ती थेट ठाण्यावर गेली आणि मोहाउसमोर बसली.

"साखळीचे दोन वेढे," ती म्हणाली. "कुलूप आत सारलेलं. फाटक तूच लावलंस. गुरुवारी संध्याकाळी, वारा पडायच्या सुमाराला. तुला ते सताड उघडं दिसलं आणि तुला वाटलं, म्हाताऱ्याचं काम."

मोहाउने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"का नाही बोललास?"

"काय बोलणार, म्मे? रेनेटताईंना सांगितलं असतं तर त्यांनी ऊमना शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन टाकलं असतं. दोनदा तसं बोलल्या होत्या. ते तिथे एक महिना जगले नसते. मला वाटलं, फाटक लावलं, झालं. कनील आठ-आठ दिवस दिसत नाही कुणाला. ती आतच असणार म्हणून मी..." त्याचा आवाज चिरकला. "मी तिला बाहेर ठेवून कडी घातली, म्मे. पिल्लं आत, ती बाहेर, आणि मधे माझं कुलूप. तुमच्या साहेबांनी मला कशासाठीही आत टाकू दे. मला फरक पडत नाही."

पुलेंगचं कोडं आता सुटल्यासारखं होतं. म्हाताऱ्याने उघडं टाकलं, मोहाउने लावलं. सगळं जुळत होतं. फक्त म्हाताऱ्याच्या कमरेची ती सुतळी तिच्या डोक्यातून जात नव्हती. इतकी वर्षं कातडी पट्टा लावणाऱ्या माणसाचा पट्टा गेला कुठे?

६

रविवारी दुपारी वारा पुन्हा सुटला. पुलेंगने रेनेटला गाडीत घेतलं आणि आधी पार पलीकडच्या टोकाला, टीलमनच्या दुसऱ्या, म्हाताऱ्या वाघाच्या रानाकडे गाडी नेली.

"इकडे काय आहे?" रेनेट वैतागली.

"वर बघ."

पवनचक्कीचं चाक घट्ट बांधलेलं होतं. तारेने नव्हे, कातडी पट्ट्याने. पितळी बकल उन्हात चमकत होतं.

"पांचा पट्टा," रेनेट म्हणाली. बापाला ती पा म्हणायची.

"आणि तुमच्या कनीलच्या रानातल्या चक्कीचं काय झालंय?"

"गुरुवारच्या वाऱ्यात शेपूट मोडलं तिचं, चाकाचे पंखेही गेले."

"म्हणजे तिथली बांधलीच नव्हती कुणी. तुझा बाप चहात साखर दोनदा घालेल, पण वाऱ्यात चक्की उघडी टाकून तिच्या शेजारून निघून येईल? गुरुवारी तो कनीलच्या रानाकडे आलाच नाही. तो इथे होता, सगळ्यात लांब, या शिडीवर." पुलेंगने गाडी वळवली. "तेव्हा आता खरं सांग. फाटक तू लावलं नव्हतंस ना?"

रेनेटने खिडकीची काच वर केली, वाळू आत येत होती.

"नव्हतं लावलं," ती शेवटी म्हणाली. "पा मागून येत होते. मी फाटकातून बाहेर आले तेव्हा वळणापलीकडे त्यांच्या गाडीची धूळ दिसली, फाटकाकडेच येत होती. फानी फोनवर ओरडत होता. म्हटलं, एवढ्या वाऱ्यात त्यांना गाडीतून दोनदा चढउतार कशाला करायला लावू, येतीलच एवढ्यात, लावतील, आणि मी उलट्या वाटेने फानीकडे निघाले. आपण सगळे तसंच करतो ना? मागचा येत असेल तर फाटक त्याच्यासाठी ठेवायचं, शेवटच्याने लावायचं. लहानपणापासून. मग सकाळी ते सगळं कळलं आणि मला वाटलं, पा आत आले आणि विसरले. त्यांचं नाव यायला नको म्हणून मी लावलं म्हणाले. आणि मोहाउची साखळी बघितली तेव्हा कळलं, त्यालाही तेच वाटलंय. तोही लपवतोय."

"आणि तरी त्याला कोठडीत राहू दिलंस?"

"माझा बाप आहे तो, सार्जंट."

"आणि मोहाउ कोणाचाच कोणी नाही?"

गाडी कनीलच्या फाटकापाशी आली. पुलेंग उतरली, रेनेटच्या किल्लीने तिने कुलूप काढलं आणि फाटक हाताने धरून उभी राहिली. कॅप्टनच्या माणसांनी पिल्लांना आदल्या दिवशीच हलवलं होतं. आत आता काहीच नव्हतं.

पुलेंग वाट बघत होती. वारा अंगाला झोंबत होता, तोंडात वाळू येत होती, आणि ती रस्त्याच्या वळणाकडे बघत उभी होती. रेनेट सारखी घड्याळ बघायला लागली. मग वळणापलीकडून धूळ उठली. लाल, उंच, गाडीच्या वेगाने सरळ इकडेच येणारी.

"कोण येतंय?" पुलेंगने सहज विचारलं.

"पा असतील," रेनेट म्हणाली. "फाटक राहू द्या तसंच, मी सांगते त्यांना."

धूळ वळणावर आली. तिने रस्ता सोडला, माळावर चढली, दोन गिरक्या घेतल्या आणि विरून गेली. रस्ता रिकामा होता.

वावटळ.

या मुलखात धूळ म्हणजे माणूस, हे पोरं चालायच्या आधी शिकतात. धूळ दिसली की घरात चहाचं आधण चढतं, कुत्री बांधली जातात, फाटकं उघडी राहतात. त्या धुळीवर कुणी कधी शंका घेत नाही, आणि रेनेटनेही घेतली नव्हती.

तिने फाटकाची सळई धरली. "कुणी येतच नव्हतं," ती म्हणाली. "सार्जंट, मी कुणासाठी उघडं ठेवलं? तिथे कुणी नव्हतंच."

पुलेंगला खूप काही सुनावायचं होतं. तिने ते गिळलं आणि पोरीला रडू दिलं.

७

कॅप्टनला चोर हवा होता. त्याला मिळाला एक वारा आणि तीन भली माणसं. तो फोनवर बराच वेळ तणतणला.

"मग गुन्हा कुणाचा लिहायचा?"

"कुणी विकली नाही, कुणी चोरली नाही. निष्काळजीपणा लिहा, परवानावाले काय करायचं ते करतील. पण मोहाउवर काही निघत नाही."

"अगं पण त्यातल्या एकाने जरी तोंड उघडलं असतं..."

"हो, साहेब," पुलेंग म्हणाली. "तेच."

कारण गोष्ट एवढीच होती. मोहाउ गुरुवारी संध्याकाळी नुसता एवढं म्हणाला असता की फाटक उघडं होतं, तर सगळे कंदील घेऊन बाहेर पडले असते. रेनेटने जेवताना बापाला विचारलं असतं, पा, फाटक लावलंत ना, तर तो म्हणाला असता, कुठलं फाटक? फाटक पुन्हा उघडलं असतं आणि वाघीण पिल्लांपाशी गेली असती. पण त्या घरात सगळे एकमेकांना जपत होते, आणि जपण्याच्या नादात सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

म्हाताऱ्याला रेनेटने सांगितलं तेव्हा पुलेंग दारात उभी होती. टीलमनने मुलीचं सगळं ऐकून घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही, पा. तुम्ही चक्की बांधलीत. बरोबर बांधलीत."

क्षणभर त्याचा चेहरा पोरासारखा उजळला. मग त्याला कनील आठवली असावी. आपल्याला आनंद झाला याची त्याला इतकी लाज वाटली की तो भिंतीकडे तोंड करून बसला. पिल्लं एका परगावच्या प्राणिसंग्रहालयात गेली होती. शिकार शिकवायला आई नाही, तेव्हा ती आता जन्मभर मांस फेकणाऱ्या हाताकडेच बघणार होती. टीलमनने ज्या पिंजऱ्यातून वाघ बाहेर काढायला आयुष्य घातलं, त्यातच ती परत गेली.

मोहाउला पुलेंगने स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. घर म्हणजे तारेच्या जवळच उभ्या विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा. बायको अजून माहेरीच होती.

"ऊम तुला कामावर ये म्हणालेत," ती गाडीतून उतरताना म्हणाली.

"नाही जमायचं, म्मे. त्या कुलपाला हात लागणार नाही माझा." तो दाराशी थांबला, किल्ली हातात तशीच. "तुम्हाला एक विचारू? गुरुवारी वारा पडल्यावर मी तिचा आवाज ऐकला. तो खालचा, पोटातून येणारा. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, पिल्लांना पहिल्या शिकारीला बोलावतेय. इतकं बरं वाटलं मला! खिडकी लावून घेतली आणि पडल्या पडल्या झोप लागली. खूप दिवसांनी इतकी छान झोप लागली होती."

पुलेंग हातपाय मोकळे करायला घराच्या मागच्या अंगाला वळली होती. त्या बाजूला भिंतीचा आडोसा होता. तिथे वारा पोचत नसे. त्याने लावून घेतलेल्या खिडकीखालच्या मऊ मातीत पंजे उमटले होते. मोठे, मादीचे. कुंपणाकडून आलेले. खिडकीखाली एक लांबट दबलेली जागा होती, तिथे ती बराच वेळ भिंतीला अंग लावून पडून राहिली होती. मग उठून पंजे परत कुंपणाकडे गेले होते.

"ती पिल्लांनाच बोलवत होती ना, म्मे?" मोहाउ पुढून विचारत होता. त्याची पावलं कोपऱ्याकडे येत होती. "तुम्हाला माग कळतात. पिल्लांनाच ना?"

इतक्या वर्षांत सार्जंट पुलेंग खाउताने कधी कुठल्या मागावर पाय ठेवला नव्हता.

"पिल्लांनाच रे," ती म्हणाली, आणि बुटाच्या टाचेने खिडकीखालची माती पुसू लागली.